लाल रंगाखालचं बारदान

माझ्या भाच्यानं साडेसहा लाख रुपये मोजून एक खोटी गाडी घरी आणली. चोरीची नाही. आरसी बुक आहे, चासी नंबर जुळतो, इंजिन नंबर जुळतो. तरी ती खोटी आहे. ‘क्लासिक स्पोर्ट्स कार, पूर्ण रिस्टोअर केलेली’ असं सांगून ती विकली गेली, आणि त्यातले ‘स्पोर्ट्स’ आणि ‘रिस्टोअर’ हे दोन्ही शब्द धादांत थापा आहेत.

मेहकरकडची वडिलोपार्जित जमीन समृद्धी महामार्गात गेली, तिच्या मोबदल्यातले शेवटचे पैसे या गाडीत गेले. घेण्याआधी त्यानं मला विचारलं नाही. आणल्यावर फोन केला, “मामा, गाडी पाहायला या. रविवारी शेगावला न्यायची आहे.” आमच्या जिल्ह्यात घरी गाडी आली की ती आधी गजानन महाराजांच्या दारात जाते, मग ती शोरूममधली असो की साठ वर्षांची. चिखलीहून बुलढाणा, तिथून बोथ्याचा घाट उतरून खामगाव आणि पुढं शेगाव, असा त्याचा बेत होता. सोबत बहीण, सून आणि दोन लहान पोरं.

मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. सवयीनं कामाचे कपडे घालूनच गेलो. अंगणात गाडी उभी होती. लालभडक, छप्पर नसलेली, चाकांना चकचकीत कॅप, स्टिअरिंगला झेंडूचा हार. गल्लीतली पोरं फोटो काढत होती. मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकायला लागलो. भाचा म्हणाला, “मामा, आधी वरून तर पाहा!”

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. जुनी गाडी वरून पाहायची नसतेच. वरचा रंग चार दिवसांत चढतो. खालचा पत्रा, चासीचे आडवे हात, स्टिअरिंगचे सांधे, इंजिनाचं पोट यांना साठ वर्षं लागलेली असतात, आणि गाडी काय आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. बैल घेताना आपला शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शिंगाला लावलेला हिंगूळ पाहून कोणी पैसे मोजत नाही. तोच माणूस साडेसहा लाखांची गाडी घेताना रंगावर का भुलतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

गाडी कुठली ते सांगतो. ही १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती १९६१ पासून बनवली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ ची, आणि तिला रूप दिलं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. चांगली गाडी. नांगर फिरावा तशी लहान जागेत वळते, आणि बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढं उलटतं, त्यामुळं इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता येतं. पण ती घरगुती गाडी आहे. १९६२ मध्ये ट्रायम्फनं याच गाडीचा पाया घेऊन स्पिटफायर नावाची दोन माणसांची खरी स्पोर्ट्स कार काढली. गाडी विकणाऱ्या दलालानं एवढाच धागा पकडला आणि भाच्याला सांगितलं, ‘ही स्पिटफायरची सख्खी बहीण.’ नातं आहे, नाकारत नाही. पण स्पिटफायर ११४७ सीसीच्या इंजिनावर दोन कार्बोरेटर लावून ६३ अश्वशक्ती काढत होती आणि इंग्लंडमधली त्या वेळची तेवढ्याच सीसीची हेराल्ड चाळिशीच्या आत होती. लाल रंग दिल्यानं आणि डोक्यावरचं छप्पर उडवल्यानं हा फरक भरून निघत नाही.

छपराचं तर ऐकाच. हेराल्डचं छप्पर बोल्टवर बसवलेलं असतं. ज्यानं ही गाडी आयुष्यात एकदा उघडली आहे त्याला हे ठाऊक असतं. पाने घ्यायचे, बोल्ट सोडायचे, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं, आणि हवं तेव्हा परत बसवायचं. ट्रायम्फनं स्वतःही उघडी हेराल्ड काढली होती. आणि या ‘रिस्टोअर’ करणाऱ्यानं काय केलं? ग्राइंडर लावला. खांब मुळाशी कापले, कापलेल्या कडा पुट्टीनं गोल केल्या आणि वरून रंग मारला. मी कडेवरून बोट फिरवलं तर एका जागी पुट्टीचा खपला निघाला आणि खाली ग्राइंडरच्या चाकाचे चरे दिसले. बोल्ट कुठं आहेत हे ज्याला शोधावंसं वाटलं नाही, त्यानं गाडी बरी करायचा धंदा काढावा? छप्पर कुठं गेलं म्हणून विचारलं, तर भंगारात.

जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो. पत्र्याला लावलं की ते चिकटतं. पुट्टीचा थर जाड असला की घसरतं. या गाडीच्या दारांवर ते खालपासून वीतभर उंचीपर्यंत चिकटलंच नाही. चालकाच्या बाजूचा दाराखालचा पट्टा बोटानं वाजवला तर मातीच्या मडक्यासारखा बद्द आवाज. खालून स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर ओढताना टोकाला सुतळीचे धागे आले. बारदान! कापसाच्या गंजीवर घालतात ते गोणपाट सडलेल्या पत्र्याच्या पोकळीत कोंबून त्यावर पुट्टी थापली होती. भाचा शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं तो धागा हातात घेऊन चोळला. काही बोलला नाही.

हेराल्डच्या बाबतीत हे अधिक वाईट आहे, कारण तिची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टनं बसते. चासीच्या मधल्या कण्याला दोन्ही बाजूंनी आडवे हात असतात, त्यांवर बॉडी टेकते. ते हात सडले की बॉडी खचते आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद होते. दार लावताना किंचित वर उचलावं लागत होतं. दलालानं त्याचं कारण सांगितलं, ‘जुन्या गाड्यांची दारं अशीच असतात.’ कारखान्यातून निघालेल्या कोणत्याही गाडीचं दार उचलून लावावं लागत नाही. दार तुम्हाला सांगत असतं की पाया गेला. ऐकणारा पाहिजे.

मग इंजिन. भाच्यानं गाडी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा ती आधीच चालू करून, गरम करून ठेवलेली होती. थंड इंजिन पहिल्या मारीत काय करतं, किती वेळ निळा धूर सोडतं, हे त्याला पाहूच दिलं नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं आधी बॉनेटवर हात ठेवावा. कोमट लागलं तर घरी परतावं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सातला जावं. आम्ही रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केली आणि अंगणात तेल जळल्याचा निळा धूर उभा राहिला.

या इंजिनाचं एक जुनं दुखणं आहे. क्रँकशाफ्ट पुढं-मागं सरकू नये म्हणून त्यात अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजले, की एक दिवस खाली ऑइलच्या टाकीत पडतात आणि मग शाफ्ट ब्लॉकलाच खात सुटतो. तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद, एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं पुढच्या पुलीवर डोळे लावायचे. मी भाच्याला क्लच दाबायला सांगितला. पुली काडेपेटीतल्या काडीच्या जाडीइतकी पुढं आली. सोडला, मागं गेली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. इतकी हालचाल दिसणं म्हणजे ते वॉशर जवळपास संपले आहेत. ज्या माणसानं ‘इंजिन फुल ओव्हरहॉल’ असं सांगून पैसे घेतले, त्यानं हे पाच मिनिटांचं काम केलं नव्हतं, किंवा करून गप्प बसला. दोन्हींपैकी कुठलं अधिक वाईट ते वाचकांनी ठरवावं.

इथवर पैशाचं नुकसान होतं. जिवावर बेतणारं पुढच्या चाकात होतं.

हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आटे पाडलेला असतो, आणि ते आटे एका ब्राँझच्या सांध्यात बसतात. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. या सांध्याला ग्रीस चालत नाही. गिअर ऑइल लागतं, ईपी ९०, गननं दाबून भरायचं. ग्रीस मारलं की ते आत पोचत नाही, वरच्या वर बसतं. मग पाणी शिरतं, आटे गंजतात आणि एक दिवस वळताना दांडा तिथंच तुटतो. चाक आडवं होऊन मडगार्डात घुसतं. बहुतेकदा हे हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं. घाटातल्या वळणावर आपण तेच करतो.

मी खामगावहून चाचांना बोलावलं. चाचा सत्तरी ओलांडलेले मिस्त्री, सातवीत शाळा सोडलेले, आणि आमच्या भागात ही गाडी पूर्ण उघडून परत जोडू शकणारा माझ्या माहितीतला एकच माणूस. त्यांनी डाव्या चाकाचा ट्रनियन उतरवला. आतून ताकासारखा पांढरट रबडा बाहेर आला, पाणी आणि ग्रीस घुसळून झालेला. दांड्याचे आटे निम्मे खाल्लेले. चाचांनी तो फडक्यानं पुसला, उन्हात धरला आणि म्हणाले, “मास्तर, याले ग्रीस कोनं मारलं? याले तं तेल लागते. हा घाट उतरला नसता.”

माझी बहीण ओट्यावर बसून ऐकत होती.

म्हणून जे लोक सांगतात की हा हौसेचा मामला आहे, थोडंफार इकडंतिकडं चालायचंच, त्यांना माझं उत्तर आहे की चालायचं नाही. इंग्लंडमध्ये या ट्रनियनची गोष्ट ट्रायम्फ बाळगणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे, नवे ट्रनियन आजही बनतात आणि मिळतात. माहिती गुप्त नाही. ज्यानं लाखाचा रंग मारला त्याला पावशेर गिअर ऑइल भरता आलं असतं. त्यानं भरलं नाही, कारण गिऱ्हाईक खाली वाकणार नाही याची त्याला खात्री होती. आणि वाईट याचं वाटतं, की ती खात्री खरी ठरली.

गाडी विकण्यासाठी त्या माणसानं एक रील काढलं होतं, समृद्धीवर भरधाव जाणाऱ्या या गाडीचं. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि या रस्त्यावर टायर फुटून काय होतं ते आमच्या सिंदखेड राजा, मेहकरकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. हेराल्डची मागची चाकं अशी जोडलेली आहेत की वेगात वळताना अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडीची मागची बाजू फेकली जाते. पुढंही साधे ड्रम ब्रेक. आणि टायर? टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या गाडीच्या टायरवर शेवटचे दोन आकडे ०९ होते. २००९ चं रबर, काळं पॉलिश मारून नवं केलेलं. सोळा-सतरा वर्षांचं रबर दिसायला जाड असलं तरी आतून वाळलेलं असतं. अशा टायरवर त्या रस्त्यावर रील काढणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही. तो इतरांच्या जिवाशी खेळला.

कागदांतही थाप होतीच. ‘व्हीए नंबर करून देऊ’ असं आश्वासन होतं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षं ओलांडलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. शिवाय अशी गाडी रोज बाजारात न्यायला परवानगी नाही, ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर येते. खांब कापून छप्पर उडवलेली हेराल्ड मूळ रूपात आहे असं कुठला अधिकारी लिहून देईल? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करताच येत नाही. म्हणजे ज्यानं व्हीए नंबरचं आमिष दाखवलं, त्यानंच ग्राइंडर लावून त्या नंबराची वाट बंद केली होती.

पेट्रोलचंही सांगून टाकतो, नाहीतर सगळा दोष फक्त विकणाऱ्याच्या माथी मारल्यासारखं होईल. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायला बनली होती. ते पेट्रोल देशात २००० सालच्या सुरुवातीला बंद झालं, आणि बरं झालं. पण त्यामुळं व्हॉल्व्ह बसतात त्या जागा झिजतात, टॅपेटचं अंतर वारंवार तपासावं लागतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुनं रबर खातं, टाकीत पाणी धरून ठेवतं. जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप, पंपातला पडदा, कार्बोरेटरचे वॉशर हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं बसवलं पाहिजे. नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल गळेल आणि गाडी पेटेल. भाच्याच्या गाडीत पाइप जुनेच होते, वरून फक्त चमकदार क्लिपा नव्या.

कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर निघते. हजारो लोक ती पाहायला उभे राहतात. ती दरवर्षी चालत दसरा चौकात येते, कारण तिच्यावर कोणीतरी वर्षभर हात फिरवतं. जुनी गाडी राखणं म्हणजे ते. आमच्याकडे ‘राखणं’ हा शब्दच गेला आणि ‘रिस्टोअर’ आला. त्याचा अर्थ होऊन बसला आहे मूळ रंग घासून काढणं, मूळ सीट फेकून रेक्झिन चढवणं, मूळ मीटर काढून बाजारातले बसवणं. जी गंजकी हेराल्ड कुणाच्या गोठ्यात कडब्याखाली तीस वर्षं पडून आहे, ती या लाल गाडीपेक्षा जास्त मोलाची आहे. तिचा गंज दिसतो. तिच्या सांध्यात कोणी पुट्टी कोंबलेली नाही. तिच्याकडे पाहून नेमका खर्च काढता येतो. आणि असल्या गाड्या आता आमच्या भागात फार थोड्या उरल्या आहेत. प्रत्येक ग्राइंडर त्यातली एक कमी करतो. ती परत बनणार नाही.

यात माझ्याही हातून एक चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यावर बोट रोखण्याचा अधिकार मला नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये कार्बोरेटरची जुनी इंजिनं शिकवण्यासाठी होती. अभ्यासक्रम बदलला, ती भंगारात काढायचा कागद आला, आणि मी सही केली. आज माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं लॅपटॉप जोडून बिघाड शोधतात, उत्तम शोधतात, पण कॉन्टॅक्ट पॉइंटची फट लावता येत नाही. ज्या चाचांच्या बोटांना ती फट न मोजता कळते, त्यांना शिकवायला बोलावता येत नाही, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. त्यांच्यानंतर हे कोणाला येणार? पुट्टी थापणाऱ्याला? जुन्या मिस्त्र्यांना ताशी मानधन देऊन वर्गात उभं करायला कुठल्या कायद्याची गरज नाही, फक्त कुणीतरी ते मागितलं पाहिजे. मी तसा अर्ज दिला आहे आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला देत राहणार आहे.

आणि विकत घेणाऱ्यांनो, पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. रंग देण्याआधीच्या उघड्या पत्र्याचे फोटो, आणि कोणतं काम कोणी केलं याची नावानिशी यादी. खरं काम करणारा माणूस हे फोटो अभिमानानं दाखवतो, न विचारता दाखवतो. जो म्हणतो ‘फोटो काढायचे राहिले’, त्याच्या दारातून चप्पल घाला आणि निघा. आणि जुना मिस्त्री सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी देताना घासाघीस करू नका.

भाच्यानं त्या दलालाला फोन लावला. उत्तर आलं, ‘एवढ्या जुन्या गाडीत एवढं चालायचंच, आणि तुम्ही पाहूनच घेतली.’ त्यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या आहेत, पैसे गेलेले आहेत. वकिलाला कागद दाखवले आहेत, नोटीस जाईल. मी तो खाल्लेला दांडा नोटिशीसोबत पुरावा म्हणून द्यायला पिशवीत बांधून ठेवला आहे.

गाडी आता विटांवर उभी आहे, चारही चाकं उतरवलेली. दर रविवारी चाचा एसटीनं येतात, भाचा त्यांच्या हाताखाली पाने देतो. परवा दारं उतरवून पुट्टी खरवडली. बिजागरीच्या मागं, जिथं कोणाचा ब्रश पोचला नव्हता, तिथं मूळ रंग निघाला, फिकट आकाशी, तळहाताएवढा. भाच्यानं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि खरवडणी बाजूला ठेवून दिली. चासीचे तीन हात नवे करावे लागतील, ट्रनियन मागवले आहेत, छप्पर कुठल्या भंगारवाल्याकडं मिळतंय का ते अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगरपर्यंत विचारून ठेवलं आहे. शेगाव अजून व्हायचं आहे.